चोथ्यातल्या चपट्या बिया

आर्डिस टॉर्गरसनने स्कारवेलच्या शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढली. रोज दीडशे पोरं तिच्या हातचं जेवायची, आणि तेवढ्या वर्षांत एकाही पोराचं पोट तिच्या अन्नाने बिघडलं नाही. हे ती स्वतः कधी बोलून दाखवायची नाही. दुसऱ्या कुणी बोललं तर "हं" एवढंच म्हणायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची.

लग्न तिने केलं नाही. वडिलांची जमीन भावाकडे गेली, भावामागे त्याच्या मुलाकडे, लायलकडे. आर्डिसच्या वाट्याला ओढ्याकाठचं दोन खोल्यांचं घर आलं, आणि ते तिला पुरेसं होतं. बारा कोंबड्या, एक जुनी निळी गाडी, आणि वर्षातून एकदा, ऑगस्टच्या शेवटी, चोकचेरीचा पाक.

चोकचेरी म्हणजे ओढ्याकाठी आपोआप उगवणारी काळी बारीक फळं. कच्चं फळ तोंडात टाकलं तर जीभ कोरडी पडते आणि घसा आवळून येतो. पण तीच फळं उकळून, गाळून, साखर घालून आटवली की जो काळा-जांभळा पाक होतो तो एकदा पॅनकेकवर ओतून खाल्लेला माणूस दुकानातल्या बाटलीकडे परत बघत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गावच्या बंबखान्यात पॅनकेकची न्याहारी असते. आग विझवणारी सगळी गावातलीच माणसं, बिनपगारी, आणि त्यांच्या नळ्या-शिड्यांसाठी त्या दिवशी सगळं गाव पैसे देऊन जेवून जातं. एकतीस वर्षं त्या न्याहारीला पाक आर्डिसचा होता.

तिची पद्धत ठरलेली. फळं धुवायची, बुडतील एवढंच पाणी घालून उकळायची आणि लाकडी डावाने चेपायची. यंत्रात कधी घालायची नाहीत, कारण आतली आठळी फुटली तर त्यातलं विष उतरतं. मग उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचं. सकाळी रस मोजायचा, तेवढीच साखर, दोन लिंबं, आणि एकतारीच्या जरा अलीकडे उतरवायचं.

पण त्या वर्षी आर्डिसच्या डोळ्यांत काहीतरी झालं होतं.

हिवाळ्यात दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मग मधोमध एक करडा डाग आला, चष्म्यावर ओला अंगठा टेकवल्यासारखा. चष्मा पुसून तो जाईना. जिथे बघावं तिथेच काही नाही, आणि कडेचं, नको ते सगळं मात्र लख्ख. मार्चमध्ये गावातून येताना तिने कुणाची तरी टपालपेटी खांबासकट आडवी केली आणि न थांबता घरी आली. दुसऱ्या दिवशी लोक वाऱ्याला शिव्या देत होते. तिने मान हलवली.

कुणालाही सांगितलं नाही. का नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची थोरली बहीण बोर्गिल्ड. तिचे डोळे गेले तेव्हा तिच्या मुलांनी तिला जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात ठेवलं. आर्डिस दर महिन्याला भेटायला जायची. बोर्गिल्ड खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. आयुष्यभर चाळीस गायींचं दूध काढलेले ते हात नुसते पडलेले. "आर्डिस, इथे मला साधा बटाटासुद्धा सोलू देत नाहीत गं," ती म्हणायची. अकरा महिन्यांत ती गेली. आर्डिसला मरणाची भीती नव्हती. त्या खिडकीची होती.

म्हणून ऑगस्टमध्ये ती नेहमीसारखीच फळं तोडायला गेली. ओढ्यावर यंदा निम्मंच पीक होतं, कारण रस्त्याकडेला तणनाशक मारलं होतं. दोन दिवसांत एकच घाणा निघाला. तेव्हा ती हाउगेनच्या ओसाड शेतावर गेली, जिथे वारा अडवायला लावलेल्या झुडपांची जुनी रांग होती. तिथे काळ्या फळांनी फांद्या लगडलेल्या होत्या. ती चाचपत, ओरबाडत तोडत गेली. एकदा बोटात काटा रुतला. रानगुलाब असेल, असं म्हणून तिने बोट चोखलं आणि बादली भरली.

दोन्ही घाणे मिळून पंचेचाळीस बाटल्या झाल्या. शुक्रवारी अग्निशमन दलाचा प्रमुख वेंडेल ट्रक घेऊन आला आणि चव्वेचाळीस घेऊन गेला. उरलेली एक बाटली संध्याकाळी लायल घेऊन गेला. त्याच्या बायकोला, जेनेलला, सातवा महिना होता आणि तिला आठवडाभर पॅनकेकचेच डोहाळे लागले होते.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आर्डिस चोथ्याची बादली घेऊन कोंबड्यांकडे निघाली. चोथा मुठीने फेकायचा तिचा रिवाज. पहिली मूठ फेकली. दुसरी मूठ उचलली आणि हात तिथेच थांबला.

चोकचेरीची आठळी वाटाण्यासारखी असते. गोल, गुळगुळीत, एका फळात एकच. एकतीस वर्षं तिच्या बोटांना तेच माहीत होतं. आणि आता त्या गोल आठळ्यांच्या मध्ये काहीतरी दुसरंच लागत होतं. बारीक, एका बाजूने चपटं. तिने एक साल अंगठ्याने उलगडली. आत एक बी. तिच्या बाजूला दुसरी. तिसरी. चौथी.

ती पायरीवर बसली. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तळहात उन्हात धरून बघितलं. चार चपट्या बिया.

बकथॉर्न. कुंपणाला लावतात ते काटेरी झुडूप. तिच्या लहानपणी त्याला जुलाबीच म्हणायचे. शेजारच्या एका मुलाने पैज लावून ओंजळभर फळं खाल्ली होती. त्याला दोन दिवस उलट्या आणि हागवण, तिसऱ्या दिवशी डॉक्टरला घोडागाडीतून आणावं लागलं होतं. त्याचा पांढराफटक चेहरा आर्डिसला आत्ता स्पष्ट दिसला. त्याच्यावर डाग नव्हता.

ती आत गेली. पातेल्याच्या कडेला वाळलेला पाक नखाने खरवडून जिभेवर ठेवला. गोड. आंबट. आणि मागून एक कडवटपणा. परवाही तो लागला होता, आणि तिने तो लिंबाच्या सालीच्या माथी मारला होता.

कुठल्या बाटल्यांत पहिला घाणा होता आणि कुठल्यांत दुसरा, ते सांगायला काहीच खूण नव्हती. उकळल्यावर त्यातला दोष जातो का? माहीत नव्हतं. पोटुशी बाईला काय होतं? तेही माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणंच तिला खाऊ लागलं.

तिने लायलच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने अकरापर्यंत मोजलं, ठेवला, पुन्हा लावला. कुणी नाही. लायल गव्हाच्या कापणीवर असणार, पण जेनेल? सात महिन्यांचं पोट घेऊन ती सकाळी नऊला कुठे जाणार?

गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली होती.

मार्चनंतर ती फक्त ओढ्याच्या वाटेने, माणसाच्या चालीने गाडी हाकत होती. लायलचं घर चार मैलांवर होतं, आणि कापणीचे दिवस असल्यामुळे खडीचा रस्ता धान्याच्या ट्रकांनी भरलेला. तिने उजवं चाक रस्त्याच्या कडेच्या सैल खडीत घातलं. चाकाखालून खडी उडत राहील तोवर आपण रस्त्यावर आहोत. आवाज थांबला की एकतर आपण मधोमध आलो, नाहीतर खड्ड्यात जातोय. डोकं डावीकडे वळवून ती उजव्या कोपऱ्यातून समोरचं बघत होती. मान अवघडली. तोंडातून घराण्याच्या जुन्या नॉर्वेजियन भाषेतली प्रार्थना निघत होती. लहानपणी म्हणायची तीच, अर्धी विसरलेली.

दुसऱ्या मैलावर समोर धुळीचा ढग उठला. ढगात ट्रक आहे एवढं कळलं, पण तो कुठल्या बाजूला आहे ते करड्या डागाने गिळून टाकलं. आर्डिसने ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. भोंगा कानाशेजारून ओरडत गेला, गाडी हलली, आणि आत-बाहेर सगळं धुळीने पिवळं झालं. इंजिन बंद पडलं. आर्डिसने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"उठ," ती स्वतःला मोठ्याने म्हणाली. "म्हातारे, उठ. तू केलंयस हे."

लायलच्या अंगणात पोचली तेव्हा घराशेजारी जेनेलची गाडी नव्हती. मागचं दार उघडं होतं. जाळीचं दार वाऱ्याने आपटत होतं.

"जेनेल!"

स्वयंपाकघरात टेबलावर दोन ताटल्या. एक खुर्ची मागे सरकलेली. आर्डिसने वाकून ताटलीवर बोट फिरवलं. चिकट, अजून न वाळलेलं. दुसऱ्या ताटलीत अर्धा पॅनकेक तसाच टाकलेला. मोरीच्या भांड्यात तिची बाटली आडवी, रिकामी. न्हाणीघरात ओला टॉवेल जमिनीवर पडलेला आणि दिवा चालू.

तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. जेनेल पोट धरून वाकलेली, इस्पितळाच्या तीस मैलांच्या रस्त्यावर, एकटी. भिंतीवरच्या फोनपाशी इस्पितळाचा आकडा चिकटवलेला होता, पण तिला तो वाचता येईना. कागद फाडून तिने तो डोळ्याच्या कोपऱ्याशी धरला, एकेक अंक तोंडाने म्हणत फिरवला.

"आज सकाळपासून कुणी पोटुशी आलेली नाही, बाई," तिकडची नर्स म्हणाली. "तुम्ही कोण बोलताय? काय झालंय?"

आर्डिसने फोन ठेवला. आलेली नाही, म्हणजे अजून वाटेत असेल. किंवा वाटेत कुठे थांबली असेल. थांबली, हा शब्द तिला पुढे विचार करू देईना.

मग बंबखाना. तो आकडा तोंडपाठ होता.

"आर्डिसबाई!" वेंडेलचा आवाज खणखणीत होता. मागे बायकांचं हसणं, खुर्च्यांचे आवाज. तोही तिच्या शाळेच्या जेवणावर वाढलेला. "काय, आणखी बाटल्या निघाल्या की काय?"

"बाटल्या... उघडल्या का रे?"

"पोरी आत्ताच जगांत ओततायत. आणि चाखायला त्यांना काय आमंत्रण लागतं? बोटं जांभळी करून घेतलीत सगळ्यांनी."

आर्डिसच्या तोंडात शब्द आला होता. तो बाहेर पडला की पाठोपाठ प्रश्न विचारला जाणार होता. कशी काय चूक झाली, आर्डिसबाई, तुम्हांला दिसलं नाही? आणि मग खिडकी. मांडीवर पडलेले हात.

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

भिंतीला टेकून ती किती वेळ उभी होती ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मिनिटभर असेल. बाहेर जाळीचं दार आपटत होतं. तिने पुन्हा आकडा फिरवला.

"वेंडेल. ओतू नकोस ते. त्यांना चाखू देऊ नकोस. त्यात दुसरी फळं गेलीत. कुंपणावरची, जुलाबी."

"काय? कुणी सांगितलं?"

"चोथ्यात बिया सापडल्या मला. हाताला लागल्या."

"आर्डिसबाई, एकतीस वर्षं झाली. तुमच्याकडून असं कसं—"

"वेंडेल, मला दिसत नाही."

तिकडचं हसणं अजून चालू होतं.

"म्हणजे, कधीपासून?"

"थंडीपासून."

"म्हणजे मार्चमध्ये माझी टपालपेटी..."

"मीच पाडली. वेंडेल, ते राहू दे, आधी त्या पोरींना थांबव!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मग लांबून वेंडेलची आरोळी: "हात वर! सगळ्यांनी! कुणीही बोट चाटायचं नाही!"

आर्डिस जमिनीवर बसली होती तेव्हा अंगणात गाडी आली. पावलं जड होती, पण एकसारखी.

"आत्या?" जेनेल दारात होती. "तुम्ही इथे कशा? आणि बाहेर तुमची गाडी तिरकी का उभी आहे?"

"तू खाल्लंस का?"

"काय?"

"पाक! किती खाल्लास?"

जेनेल जरा ओशाळली. "आत्या, वाईट वाटून घेऊ नका हं. मी एकच घास खाल्ला. मला यंदाचा कडू लागला. म्हटलं, दिवस गेल्यामुळे माझीच जीभ बिघडली असेल. उरलेला ओतून टाकला. तुम्हांला सांगणार नव्हते मी, देवाशपथ."

"पोटात दुखतंय? उलटी? चक्कर?"

"मला काही नाही. लायलने मात्र सहा पॅनकेक हाणले त्याच्यावर." ती खुर्चीवर टेकली. "आणि सकाळपासून तीनदा हार्वेस्टर थांबवून झाडीत पळालाय. रेडिओवरून ओरडत होता, पँट घेऊन ये म्हणून. तीच देऊन आले आत्ता."

जेनेलला हसू फुटलं. आर्डिसला फुटेना. तिने जेनेलकडून डॉक्टरांना फोन करवला. डॉक्टर म्हणाले, एका घासाने काही होत नाही, पाणी भरपूर प्यायचं. नवऱ्यालाही पाणी द्या आणि उद्या खूपच झालं तर घेऊन या. आर्डिसने ते जेनेलकडून दोनदा वदवून घेतलं. मग तिने खुर्ची ओढली, जेनेलच्या पोटावर तळहात ठेवला आणि ती नुसती बसून राहिली. दुपारी दोनच्या सुमारास आतून एक लाथ आली, चांगली सणसणीत. तेव्हा कुठे आर्डिसने घोटभर कॉफी घेतली.

बंबखान्यातल्या पोरींपैकी एकीला रात्री उलट्या झाल्या, बाकीच्यांना काही नाही. वेंडेलने मागे खड्डा खणून चव्वेचाळीस बाटल्या ओतल्या आणि रविवारी गावाने दुकानातला पाक खाल्ला. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण चर्चमध्ये आर्डिसने घरून आणलेल्या बिस्किटांचा डबा पुढे केला, तेव्हा शेजारी बसलेली बाई बिस्किट उचलण्याआधी त्या डब्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. डागाच्या कडेने आर्डिसला ते दिसलं.

लायल सोमवारी आला. पोट अजून बिघडलेलं, तोंड उतरलेलं.

"आत्या, किल्ली दे."

तिने खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"आणि मला कधी नेणार?"

"कुठे?"

"बोर्गिल्डला नेलं तिथे."

लायल तिच्याकडे बघतच राहिला. "तू एवढा वेळ हे धरून बसली होतीस? अगं, मला सहा पॅनकेकनी मारायला निघालीस, तरी मी तुला न्याहारीला बोलावतोच आहे ना?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. तुला कुठेही पाठवत नाही."

तिने ते ऐकलं, पण तिला ते पटायला फार वेळ लागला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की मधलं जे गेलं ते परत येणार नाही, कडेचं मात्र राहील. ती चूल पेटवू शकते, कोंबड्या पाळू शकते, पायवाटेने चालू शकते. गाडी नाही. त्या हिवाळ्यात लायलची गाडी अंगणात वळली की दर वेळी तिला वाटायचं: आज न्यायला आलाय. तो किराणा ठेवून, बर्फ लोटून परत जायचा. नोव्हेंबरात जेनेलला मुलगी झाली, ब्रिटा, आठ पौंडांची, आणि इस्पितळातून आल्यावर जेनेलने बाळ थेट आर्डिसच्या हातात दिलं. आर्डिसने आधी त्याची बोटं मोजली. दोनदा.

पुढच्या ऑगस्टमध्ये जेनेल म्हणाली, "आत्या, यंदा पाक करायचा ना?"

"मी नाही करणार."

"मी तोडते. तुम्ही निवडा. मला कुठे येतं त्यातलं?"

"आणि परत चुकलं तर?"

"म्हणून तर तुम्ही पाहिजे."

तीन दिवस आर्डिस ओसरीवर परात घेऊन बसली. डोळे मिटूनच बसायची. एकेक फळ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचं, देठ चाचपायचा, दर मुठीतलं एक फळ फोडून आठळी बघायची. जेनेल वैतागली, ब्रिटाने परात दोनदा उलथी केली, आणि दोन्ही वेळा आर्डिसने पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी सगळ्या मिळून एकोणीसच बाटल्या झाल्या.

रविवारी बंबखान्यात पाकाच्या जगांपाशी जरा गर्दी थबकली. सगळे बघत होते. वेंडेलने रांग मोडून ताटली पुढे केली, पॅनकेक दिसेनासा होईपर्यंत पाक ओतला आणि उभ्यानेच खायला लागला. आर्डिसला त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसते दोन कान हलताना दिसत होते. तिने टेबलाची कड धरून ठेवली होती.

"वाढा आणखी," वेंडेल म्हणाला, आणि मागची रांग पुढे सरकली.

तिने स्वतः त्या दिवशी काही खाल्लं नाही. घरी आल्यावर बारा वाजता तिने वेंडेलला फोन केला. पोट कसं आहे? ठीक आहे. दोन वाजता पुन्हा केला. ठीक आहे. साडेचारला पुन्हा.

"आर्डिसबाई," वेंडेल म्हणाला, "माझं पोट उत्तम आहे. पण तुम्ही आणखी एकदा फोन केलात ना, तर ते नक्की बिघडेल."

"बरं," ती म्हणाली. "मग सहाला करते."